नाशिकच्या डोंगरांसाठी स्वस्तातला बारमाही बूट: नवख्यांनी तो कसा निवडावा

ऑगस्टातला रविवार, हरिहर गडाच्या कातळपायऱ्या. पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत, खोबणीत बोटं रुतवून खोळंबले होते. दगडाकडे तोंड करून मी एकेक पाय खाली सोडत होतो, पण डाव्या पायाला पायरी लागली तरी लागल्यासारखी वाटेना. मान वाकडी करून पाहिलं तर बुटाचा सोल टाचेपासून चवड्यापर्यंत सुटून धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत होता. बूट जेमतेम चार महिन्यांचा. किंमत चार हजारांच्या वर, खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. कसाबसा खाली आलो. गडावर लिंबू-सरबत विकून परतणाऱ्या एका पोराने पोत्याची सुतळी काढली आणि दोन वेढ्यांत सोल जागेवर बसवून दिला. त्याच्या स्वतःच्या पायात बाजारातले साधे प्लास्टिकचे बूट होते, आणि तो त्या पायऱ्या माझ्या निम्म्या वेळात उतरला होता.

हे सांगायचं कारण, दरवर्षी मे संपत आला की आमच्या कंपनीतली दोन-चार नवी मुलं विचारतात, "सर, ट्रेकला यायचंय, बूट कुठला घेऊ?" त्यांना ब्रँडचं नाव हवं असतं. नाव सांगून काम भागत नाही, कारण तेच मॉडेल एकाच्या पायाला लोण्यासारखं बसतं आणि दुसऱ्याला पहिल्याच तासात चावतं. म्हणून दुकानात जाऊन काय बघायचं, काय दाबायचं, काय विचारायचं, ते एकदा नीट लिहून टाकतो.

इंटरनेटवर 'सगळ्या ऋतूंत, सगळ्या जमिनीवर चालणारा बूट' शोधलंत तर बरंचसं परदेशी शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं समोर येतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण हिरव्या कॅनव्हासचा 'हंटर' बूट अजून दुकानात मिळतो आणि शेतकऱ्यांपासून वॉचमनपर्यंत अनेकांच्या पायात दिसतो. शिकाऱ्यांच्या त्या लेखांतले बरेच सल्ले बर्फासाठी, दलदलीसाठी किंवा तासन्‌तास थंडीत दबा धरून बसण्यासाठी असतात. आतून उबदार अस्तर, गुडघ्याखालपर्यंत उंची, दोन किलो वजन. नाशिकमध्ये यातलं काहीही नको.

आधी आपलं वर्ष मांडा

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि येत्या वर्षात खरोखर कुठे कुठे जाणार ते लिहा. स्वप्नातलं हिमालयीन शिखर लिहू नका. नाशिक जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि पूर्वेला येवल्याकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे एकाच जोडाने जुलैत अंजनेरीचं शेवाळलेलं कातळ, ऑक्टोबरात कमरेएवढं गवत, जानेवारीत साल्हेरची थंडी आणि मार्चमध्ये अंकाई-टंकाईचा भाजलेला दगड सोसायचा आहे.

आपल्या वाटांवर पायाखाली साधारण पाच गोष्टी येतात. ओला कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यावर जमलेलं शेवाळ. सुका मुरूम आणि घसारा, जो पावसाळ्यानंतर उतरताना बॉलबेअरिंगसारखा पायाखालून सटकतो. चिखल, त्यातही दोन जाती: इगतपुरी-पेठकडचा भातखाचरांचा पातळ चिखल आणि निफाडकडची काळी माती. गवत आणि काटे. आणि शेवटी कळसूबाईसारख्या ठिकाणच्या लोखंडी शिड्या, ज्या पावसात साबण लावल्यासारख्या होतात.

तुमच्या कागदावर फक्त पांडवलेणी आणि कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक असेल तर हा लेख इथेच सोडा, घरातले धावायचे बूट पुरेत. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला जायचं असेल किंवा चैत्रात पायी वणी गाठायची असेल तरीही ट्रेकिंगचा बूट घेऊ नका. डांबरी रस्त्यावर खोल खाचांचा सोल तळपायाची आग करतो आणि महिन्यात घासून सपाट होतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्यांबद्दल तर मी काही बोलतच नाही, त्यांचा विषय वेगळा.

बूट उलटा करा

दुकानदार बूट समोर ठेवतो तो वरची बाजू दाखवत. तुम्ही तो उचलून आधी उलटा करा. आपल्या डोंगरात जीव सांभाळतो तो सोल, बाकीचं कापडकाम नंतर.

पहिली परीक्षा नखाची. अंगठ्याचं नख सोलच्या एखाद्या खाचेच्या कडेवर जोरात दाबा. रबर किंचित दबलं, नखाची खूण उमटून हळूहळू गेली, तर ठीक. नख घसरलं आणि टक्‌ असा प्लास्टिकचा आवाज आला तर तो बूट खाली ठेवा. कडक पीव्हीसीचा सोल कोरड्या फरशीवर झकास वाटतो, टिकतोही खूप, पण ओल्या कातळावर त्याच्यासारखा दगाबाज दुसरा नाही. मऊ रबर लवकर झिजतं, हे खरं. मी झिजणारं रबर निवडतो. दोन वर्षांत नवा जोड घ्यावा लागला तर परवडतं, अंजनेरीच्या धबधब्याच्या वाटेवर कमरेत बसलं तर परवडत नाही.

दुसरी गोष्ट खाचा. चार-पाच मिलिमीटर खोल असाव्यात, आणि एकमेकींपासून जरा लांब. दाट, बारीक नक्षी असली की काळी माती तिच्यात भरते आणि दहा पावलांत बुटाखाली मातीची वीट तयार होते. ऑक्टोबरच्या पावसानंतर द्राक्षबागेतून एकदा चालून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. खाचा एकमेकींपासून लांब असल्या की चालता चालता माती आपोआप झडते. टाचेच्या पुढच्या बाजूला पायरीसारखी कड आहे का तेही बघा. उतरताना घसाऱ्यात तीच रुतते आणि शिडीच्या गजावर तीच अडकते. खालून सलग सपाट असलेला सोल शहरात छान, डोंगरात नाही.

तिसरी परीक्षा वाकवण्याची. एका हातात टाच, दुसऱ्या हातात पुढचं टोक धरून बूट वाकवा. चवड्याच्या जागी, जिथे आपली बोटं वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर आत आधार नाही असं समजा, दगडाचं प्रत्येक टोक तळव्याला कळेल. मग ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, पण हट्टाने. टाचेची मागची बाजू दोन बोटांत दाबा, ती चेपता कामा नये.

चौथी, आणि सगळ्यात कमी लोक करतात ती: सोल आणि वरचा भाग जिथे जुळतात ती रेघ. बुटाभोवती बोट फिरवा. शिवण दिसते का, की नुसतं चिकटवलेलं आहे? कमी किमतीचे बहुतेक बूट चिकटवलेलेच असतात, त्यात फसवणूक काही नाही. फक्त कुठे चिकट बाहेर आलेलं, कुठे कागद जाईल एवढी फट, असं असेल तर दुसरा जोड मागा. माझा हरिहरवाला बूट मी घेताना असा बघितला असता तर सुतळीची वेळ आली नसती.

जमल्यास एक वाह्यातपणा करा. दुकानाच्या बाहेरच्या पायरीवर बाटलीतलं थोडं पाणी ओता आणि बूट घालून तिथे उभे राहा. शालिमारच्या एका दुकानात मी हे केलं तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आले. "साहेब, बूट घ्यायचाय की अंगण सारवायचंय?" मी म्हटलं, "काका, घसरलो तर तुमच्याच दारात घसरलेला बरा." ते हसले, आणि आतून दुसरं मॉडेल काढून म्हणाले, "मग हा घाला, तो पावसाचा नाही." दुकानदाराला माहीत असतं. आपण विचारत नाही.

वॉटरप्रूफचं भूत

नवख्यांचा सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. वॉटरप्रूफ म्हणजे बुटाच्या आत एक बारीक पडदा असतो, जो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ थोडीफार बाहेर सोडतो. थंड, कोरड्या हवेत, दवाळलेल्या गवतात, बर्फात त्याचा उपयोग आहे. आपल्या जुलैत पाणी बाजूने येत नाही, वरून येतं. पँटवरून, मोज्यावरून ओघळून घोट्यातून आत शिरतं, आणि ओढा ओलांडताना तर बुटाच्या काठावरून. एकदा आत शिरलं की तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर तुम्ही दोन छोट्या बादल्या पायात घालून चालता. घरी आल्यावर तो बूट तीन-तीन दिवस वाळत नाही.

त्यामुळे पावसाळ्यासाठी माझा हिशेब उलटा: पाणी आत येणारच, ते बाहेर किती लवकर जाईल ते बघायचं. जाळीचं किंवा पातळ कृत्रिम कापड, आत जाड स्पंज नको, नखाएवढाही फोम पाणी धरून बसतो. चामडं भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ घेतं, शिवाय दर वेळी तेल-पॉलिश मागतं. बहुतेक नवख्यांना तो उद्योग झेपत नाही.

एक अपवाद मी मानतो. तुम्ही पक्षी बघणारे असाल, हिवाळ्यात भल्या पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या काठाने हिंडत असाल, तर दवात भिजून बोटं गारठतात. निफाडची थंडी काय असते ते तिथल्या द्राक्षवाल्यांना विचारा. अशांना पडदावाला बूट कामाचा आहे. पण मग तो पावसाळ्यातल्या गडासाठी नव्हे.

पाय मोजा, आकडा नको

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, गडावरही सुजणारच. ज्या मोज्यांवर चालणार तेच मोजे घालून जा. दुकानातला तो पातळ नायलॉनचा मोजा घालून माप घेतलंत की संपलं.

भारतीय मापातला ८ म्हणजे साधारण युरोपीय ४२, पण हा आकडा प्रत्येक कंपनीचा आपला आपला. त्यापेक्षा खात्रीची युक्ती: बुटातली आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. करंगळीची बाजू गादीबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, एक नंबर मोठा घेतल्याने तो रुंद होणार नाही, फक्त लांब होईल. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलेलं, त्यामुळे चवडा पसरट आणि टाच बारीक. काही परदेशी साचे अरुंद असतात. दुकानदार सांगेल, "वापरला की सैल होईल." लांबीला कधीच होत नाही. रुंदीला होतं, थोडं, तेही तुमच्या करंगळीच्या जिवावर.

मग लेस बांधून उतार शोधा. मोठ्या दुकानांत लाकडी उतरंड ठेवलेली असते, नसेल तर जिन्यावर जा आणि पायऱ्या उतरताना चवड्यावर जोर द्या. बोटं पुढे आपटली तर नापास. चढताना सगळेच बूट चांगले वाटतात, नख काळं पडतं ते उतरताना. माझ्या एका मित्राने धोडपहून हट्टीत उतरल्यावर मोजे काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली होती, आणि बूट एकच नंबर लहान होता. आता चढ: टाच आतल्या आत वर उचलली जाते का? किंचित चालेल, पण घासत असेल तर अर्ध्या दिवसात फोड.

टाच उचलली जात असेल तर बूट नाकारण्याआधी लेस वेगळी बांधून बघा. सगळ्यात वरच्या दोन भोकांत लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फासा तयार करा, मग डावी लेस उजव्या फाशातून आणि उजवी डाव्या फाशातून काढून खाली ओढा. टाच मागे घट्ट बसते. उतरायला लागण्याआधी दर वेळी हे करायचं, चढताना सैल सोडायचं.

आणि जीभ बघा, बुटाची. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असेल तर मुरमाचे खडे आणि कुसळं आत येत नाहीत. नोव्हेंबरात गवत वाळलं की कुसळं मोज्यात घुसतात आणि चालता चालता कातडीत टोचत राहतात. सुटी जीभ म्हणजे त्यांना उघडं दार.

घोट्यापर्यंत की घोट्याखाली?

यावर लोक भांडतात. माझं मत थोडक्यात: घोटा झाकणारा बूट काट्यांपासून, दगडाच्या ठोकरीपासून आणि थोडाफार मुरगळण्यापासून वाचवतो. पाय मुरगळणारच नाही याची हमी तो देत नाही. पाठीवर मुक्कामाचं ओझं घेऊन साल्हेर-मुल्हेर करायचं असेल, किंवा तुमचा घोटा आधीच एकदा दुखावलेला असेल, तर उंच घ्या. एका दिवसाच्या वाटांना खालचा बूट हलका पडतो, लवकर वाळतो. दोन्ही समोर असतील तर जो पायाला नीट बसतो तो घ्या, उंचीचं नंतर. सापाचं म्हणाल तर फुरसं दगडाखाली असतं आणि हात दगडावर आपण आधी ठेवतो. बुटाच्या उंचीवर विसंबू नका, नजर जमिनीवर ठेवा.

किती पैसे, आणि कुठल्या बुटाला नाही म्हणायचं

हजाराच्या आत कॅनव्हासचा हंटर मिळतो. त्याला हसू नका. हलका, लगेच वाळणारा, चिखलाला घाबरत नाही. पण आतली गादी नावापुरती, म्हणून दोन-तीन तासांपुढे तळवे बोलायला लागतात. वेगळी गादी घालून बरेच जण वर्षानुवर्षं वापरतात. एकेकाळी सह्याद्रीत ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांची अशीच चलती होती, दिसायला ओबडधोबड पण ओल्या दगडाला धरून राहणारे.

दीड ते तीन हजार ही नवख्यांची खरी जागा. डिकॅथलॉनच्या केचुआपासून देशी कंपन्यांपर्यंत इथे भरपूर माल आहे, आणि वर सांगितलेल्या परीक्षांत काही पास होतात, काही होत नाहीत. पाच हजारांच्या पुढे तुम्ही मुख्यतः पडद्याचे, हलकेपणाचे आणि नावाचे पैसे देता. दोन वर्षं दर रविवारी गेलात तर त्याचा विचार करा, आधी नको.

सातपूर-अंबडला काम करणाऱ्यांची एक हमखास चूक: कंपनीचे सेफ्टी शूज घालून ट्रेकला येणं. फुकटात मिळालेले आहेत, मजबूत आहेत, मग काय हरकत? पुढे लोखंडी टोपी असते, २०० ज्यूलचा आघात झेलायची. शॉप फ्लोअरवर ती बोटं वाचवते, उतारावर तीच बोटांवर आपटते. वजन वेगळंच. सोल तेलकट फरशीसाठी बनवलेला, मुरमासाठी नाही. देवळाली कॅम्पकडे मिळणाऱ्या लष्करी पद्धतीच्या बुटांचंही तसंच. दणकट, पण रुळायला महिने घेतात आणि भिजल्यावर पायात दगड बांधल्यासारखे होतात. गमबूट शेतात ठीक, कातळावर अजिबात नाही.

ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत काही दिसलं तर खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. छापलेलं असतंच. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला बूट नवा दिसतो, पण नवा नसतो. का, ते शेवटी सांगतो. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर लागोपाठचे दोन नंबर मागवा, घरात स्वच्छ फरशीवर आणि जिन्यावर घालून बघा, एक परत करा.

आणि सगळे पैसे बुटावर घालवू नका. तीन हजार असतील तर चारशे-पाचशे मोज्यांसाठी बाजूला काढा. सुती मोजे घाम आणि पाणी धरून ठेवतात आणि ओली कातडी सोलवटते. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरमिश्रित, दोन जोड. एक पायात, एक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये. परतीच्या एसटीत कोरडे मोजे घालण्याचं सुख शब्दांत सांगता येत नाही.

घरी आणल्यावर थेट गडावर नाही

पावसाच्या पहिल्या रविवारी खोक्यातून काढलेला बूट घालून येणारा माणूस दर वर्षी एक तरी असतोच, आणि दुपारी तो टाचेला पट्टी मागत फिरतो. एप्रिल-मेमध्ये घ्या.

सगळ्यात आधी मोच्याकडे जा. चिकटवलेल्या सोलला बाजूने पूर्ण गोल शिलाई मारून घ्या. शंभर-दीडशेचं काम. आरीने भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने एकेक टाका ओढताना बघायला बसा, पुढच्या टोकाला दुहेरी टाके मारायला सांगा, कारण सोल बहुतेकदा तिथून किंवा टाचेतून सुटायला लागतो. शिलाईने भोकं पडतात, पाणी शिरेल, असं कोणी म्हणेल. शिरू दे, तो हिशेब आपण वर केलाय. (पडदावाला महाग बूट मात्र शिवू नका.)

मग रुळवणं. तीन-चार दिवस घरात आणि भाजी आणायला. मग गंगापूर रोडला तासभर. पुढच्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या दोनदा चढून उतरा, त्यानंतर म्हसरूळची चामरलेणी. मग रामशेज: औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुंजवणारा हा किल्ला नवख्याला मात्र तासाभरात वर घेतो आणि उतरताना मुरमाची पहिली ओळखही करून देतो. कुठे चावतोय ते या वाटेत कळतं. चावायच्या आधी तिथे व्हॅसलीन, नाहीतर चिकटपट्टी. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे वरातीमागून घोडं. एवढं पार पडलं की पावसात अंजनेरी करा. हरिहर त्यानंतर, आणि शक्यतो रविवार सोडून.

सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन मीटर सुतळी आणि दोन-तीन केबल टाय ठेवा. बूट तुमचा नाही तर दुसऱ्याचा सुटतो.

भिजलेला बूट

घरी आल्या आल्या, जेवायच्या आधी, सोलची माती ब्रशने काढा, आतली गादी बाहेर काढा, लेस सैल करा. आत शिळ्या वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, झोपताना पुन्हा बदला. पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात, गॅसजवळ किंवा गाडीच्या बॉनेटवर नको, उष्णतेने चिकट सुटतो, आणि सोलचं निम्मं आयुष्य तिथेच संपतं. वास आला तर आतली गादी धुवा. ती साठ-सत्तर रुपयांत नवीही मिळते. बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता ते गोदामाचं. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा त्या थराला आतून हळूहळू कुजवतो, आणि गंमत म्हणजे तो न वापरलेल्या बुटात सुखाने कुजतो. लॉकडाऊनच्या काळात माळ्यावर ठेवलेला माझा एक चांगला जोड मी दोन वर्षांनी काढला. दिसायला जसाच्या तसा. टाच अंगठ्याने दाबली तर थोडी चिकट लागली, मी दुर्लक्ष केलं. धोडपच्या पहिल्या चढावर मागून येणारा म्हणाला, "दादा, तुमच्या बुटातून भुगा पडतोय." शेवपुरीवरची शेव पडावी तसा पिवळट चुरा वाटेवर सांडत होता. शंभर पावलांत दोन्ही सोल गळून पडले.

म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवू नका. हवेशीर जागी ठेवा, महिन्यातून एकदा तरी घालून फिरा. दर मे महिन्यात सोल आणि वरचा भाग यांच्या मधला थर अंगठ्याने दाबून बघा. चिकटपणा, बारीक भेगा किंवा चुरा दिसला तर मोच्याला दाखवा, तो नवा सोल बसवून देतो का विचारा. नाही म्हणाला तर तो जोड बाद. चवड्याखालच्या खाचा घासून फरशीसारख्या गुळगुळीत झाल्या की बूट गडावरून उतरवायचा. त्यानंतर तो गाडी धुवायला, नाहीतर मामाच्या मळ्यात पाणी भरायला.